गोवावेशीच्या आत : बेळगावच्या जुन्या राजधानीची ओळख

बेळगावात खानापूर रस्त्यावर एका चौकाला गोवावेस म्हणतात. सरकारी दप्तरात तो बसवेश्वर चौक आहे. परंतु रिक्षाचालकाला ‘गोवावेस’ एवढेच सांगितले की पुढे काही विचारावे लागत नाही. ज्या वेशीतून गोव्याची वाट सुटते ती गोवावेस. आजही चोर्ला आणि अनमोड या दोन्ही घाटांतून गेलेली गाडी शहरात शिरते ती याच बाजूने.

गोमंतकीयाला बेळगाव नवे नाही. लग्नाचा बस्ता, दवाखाना, मुलांचे महाविद्यालय, गाडीचे सुटे भाग, परतताना कुंद्याचा डबा अशी ही ओळख पिढ्यानपिढ्यांची आहे. आपल्या बाजारातील भाजीही बव्हंशी तिथूनच येते. मात्र ज्या किल्ल्याभोवती हे शहर वाढले तो पाहिलेला माणूस सहसा भेटत नाही. हा लेख लिहिण्यापूर्वी कार्यालयातील सहकाऱ्यांना सहज विचारले. बेळगावला सगळेच जाऊन आलेले. किल्ल्यात शिरलेला एकच, आणि तोही पावसामुळे आडोसा शोधत. बसस्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या या स्थळाविषयीची ही अनास्था खटकते. कारण गोव्याच्या इतिहासातील कित्येक वळणे बेळगावच्या या किल्ल्यावरून गेलेली आहेत.

जाण्याचे मार्ग

पणजीहून अनमोडमार्गे, म्हणजे फोंडा, मोले, अनमोड, लोंढा, खानापूर असे गेल्यास अंतर दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते. साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी हा मार्ग त्याहून तीसेक किलोमीटरने जवळचा. कदंब महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या वायव्य परिवहन महामंडळाच्या गाड्या या प्रवासासाठी मिळतात. पावसाळ्यात चोर्ला घाटात दरडी कोसळतात, धुके उतरते. जून ते सप्टेंबरच्या काळात निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी केलेली बरी. वाटेतील कणकुंबीला थांबावे. मलप्रभेचा उगम तिथलाच, आणि म्हादईच्या वादात गेली अनेक वर्षे आपण ज्याचे नाव वाचत आलो तो कळसा नालाही याच परिसरातला. वृत्तपत्रातला शब्द प्रत्यक्षात किती लहानशा ओहोळाचे नाव आहे, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

रेल्वेने जायचे तर वास्को, मडगाव, कुळे, लोंढा असा मार्ग आहे. वास्कोहून दिल्लीच्या निजामुद्दीन स्थानकाकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाववरूनच मिरजेकडे जाते. दूधसागरचा घाट गाडीतून पाहायला मिळतो, हा त्यातला वरकड लाभ. तिकीट काढताना स्थानकाचे नाव ‘बेळगावी’ असे शोधावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच अधिकृत नाव आहे. मराठी माणसाच्या तोंडी बेळगाव कायम राहिले आहे आणि या लेखातही तेच वापरले आहे.

कर्नाटकच्या बसवरील पाट्या बहुधा कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता येत नसेल तर वाहकाला विचारावे. शहरात मराठी सर्वत्र समजते. कानावर पडणारी मराठी मात्र जरा निराळी वाटेल. ‘जातो आहे’ऐवजी ‘जाऊलालोय’ म्हणणारी ही बोली कन्नडच्या सहवासात घडली आहे, आणि तिच्यात एक मोकळा जिव्हाळा आहे. कर्नाटकात २०२३ पासून स्त्रियांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. ही सवलत त्या राज्याच्या रहिवाशांपुरती असल्याने गोव्याच्या महिलांनी तिकीट घ्यावे. दोन्ही राज्यांत सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की आंतरराज्य बससेवा काही काळ थांबते, असा अनुभव अलीकडे एकाहून अधिक वेळा आला आहे. विशेषतः डिसेंबरात, विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात असताना, त्या दिवसाची बातमी पाहून निघावे.

शहरात फिरण्यासाठी रिक्षा सोयीची. भाडे आधी ठरवावे. टिळकवाडी भागात पत्ते रेल्वे फाटकांवरून सांगतात : पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. हे तीन शब्द लक्षात ठेवले तर दक्षिण बेळगावात माणूस चुकत नाही. जुन्या पेठेत, म्हणजे खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली या भागात, वाहन नेण्याच्या फंदात पडू नये. पायी फिरावे.

वेणुग्राम

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, वेळुग्राम. बाराव्या शतकात हा प्रदेश गोव्याच्या कदंबांच्या ताब्यात होता. आपल्या बसगाड्यांवर ज्यांचे नाव आहे तेच हे कदंब. त्यांच्या लेखांत कोंकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार या दोन प्रांतांचा उल्लेख येतो. कोंकण म्हणजे घाटाखालचा मुलूख; पलसिगे म्हणजे आजची हलशी, खानापूर तालुक्यातील एक खेडे. गोव्याच्या राजाचे राज्य सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेले होते आणि वेळुग्राम त्याच्या वरच्या अंगाचा भाग होता.

तेराव्या शतकाच्या आरंभी सौंदत्तीच्या रट्टांनी वेळुग्राम कदंबांकडून घेतले आणि आपली राजधानी तिथे हलवली. बेळगाव राजधानी झाले ते तेव्हा. चौथा कार्तवीर्य हा त्या काळचा रट्ट राजा, आणि त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये किल्ल्यात बांधलेले जैन मंदिर म्हणजे आजची कमलबस्ती. राजधानीचे हे वैभव फार काळ टिकले नाही. त्याच शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादवांनी रट्टांचे राज्य संपवले.

किल्ला

किल्ला लंबगोल आहे, भोवती रुंद खंदक. बेळगावात डोंगरी किल्ल्याची अपेक्षा ठेवून गेलेला माणूस गोंधळतो, कारण हा भुईकोट आहे आणि त्याच्यातून चक्क वाहतुकीचा रस्ता जातो. प्रवेशद्वाराशी दुर्गेचे आणि गणपतीचे मंदिर आहे. आतील बराच भाग लष्कराकडे असल्याने फलक पाहूनच वाट धरावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. सकाळची वेळ उत्तम.

कमलबस्ती काळ्या दगडाची, चालुक्य शैलीतली. गाभाऱ्यात नेमिनाथांची मूर्ती आहे. पाहायचे ते सभामंडपाचे छत. मधोमध दगडात उमललेले उलटे कमळ आहे. त्याच्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन काळांतील चोवीस-चोवीस, एकूण ७२ तीर्थंकर कोरलेले आहेत. मान दुखेपर्यंत पाहिले तरी मन भरत नाही. खालचे खांब इतके गुळगुळीत घासलेले आहेत की त्यांत अंधुक प्रतिबिंब दिसते. हे मंदिर नांदते आहे, तिथे नित्य पूजा होते. तेव्हा पादत्राणे बाहेर काढून आणि आवाज खाली ठेवून आत जावे. शेजारची चिक्की बस्ती, म्हणजे धाकटी बस्ती, भग्न आहे. बीचिराजाच्या मंदिराला दिलेल्या दानांचे शिलालेख मात्र इथे शोधू नयेत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

किल्ल्यातील दुसरी महत्त्वाची वास्तू सफा मशीद. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार असदखान याने ती १५१९ मध्ये बांधली. तिच्या बांधकामात जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले आहेत. त्यांपैकी दोन खांबांवर लेख आहेत : एक ११९९ चा, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातला, दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. या दोन्ही लेखांची भाषा कन्नड आणि लिपी नागरी.

या तपशिलापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या शहरात दुकानाची पाटी कोणत्या लिपीत असावी यावरून दगड उचलले जातात, त्या शहराच्या पोटात आठशे वर्षांपूर्वीचे दोन लेख एका भाषेचा मजकूर दुसरीच्या लिपीत सांगत उभे आहेत. आणि ते ज्या खांबांवर आहेत ते खांब मंदिरातून मशिदीत आले आहेत. मंदिरे मोडली गेली हेही त्यात आले. ते झाकून सांगण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखिकेला भाषेचे शिक्षण घेताना यादवकालीन लेखांतील मराठी शिकवली गेली. त्याच यादवांनी कन्नडमध्येही लेख कोरून घेतले, हे मात्र बरेच उशिरा कळले. लेखांच्या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा दगड दाखवतात. हे दोन खांब कोणाच्याच सोयीचे नाहीत. मशिदीचा अंतर्भाग दर वेळी पाहायला मिळेलच असे नाही; तिथे असलेल्यांना आदराने विचारावे, आणि नकार मिळाला तर वाद घालू नये.

गोव्याचे धागे

किल्ल्यात उभे राहिल्यावर गोमंतकीयाने ध्यानात घ्यायच्या गोष्टी आणखी आहेत. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेतले. ते परत मिळवण्याच्या खटपटीत बेळगावच्या अधिपतीने उचल केली, तेव्हा सुलतान तिसरा महंमदशहा स्वतः चालून आला आणि १४७३ मध्ये त्याने किल्ला जिंकला. तटाखाली दारूचे सुरुंग लावून खिंडारे पाडल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. दख्खनमधील वेढ्यात सुरुंगाच्या दारूचा असा वापर झाल्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक.

असदखानाची गोष्ट तर आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. बेळगाव ही त्याची जहागीर. पुढे त्याचे आणि इब्राहिम आदिलशहाचे फाटले. आदिलशाही घराण्यातील एक राजपुत्र, ज्याला पोर्तुगीज कागदपत्रांत मेआले म्हटले आहे, गादीवर हक्क सांगत होता. पोर्तुगीजांनी त्याला गोव्यात आणून ठेवले होते आणि असदखानाचे अंग त्याच्याकडे होते. या पेचातून सुटण्यासाठी आदिलशहाने पोर्तुगीजांशी सौदा केला. त्यांनी मेआलेला आवरावे आणि बदल्यात बार्देश व सासष्टी घ्यावी. १५४३ मध्ये हे दोन्ही महाल पोर्तुगीजांकडे गेले. त्यानंतर तेथील देवळांचे, गावकऱ्यांचे आणि कुटुंबांचे जे झाले ते सर्वज्ञात आहे. शांतादुर्गा आणि मंगेश खाडीपलीकडे फोंड्याच्या बाजूस का गेले, याचे उत्तर शोधत मागे गेलो तर एक वाट बेळगावच्या या तटापर्यंत पोहोचते. असदखानाचे दफनस्थान बेळगावच्या कॅम्प भागात असून तिथे आज दर्गा आहे.

१८१८ मध्ये थॉमस मन्रोने किल्ला जिंकला आणि इंग्रजी छावणी वसली. किल्ल्याच्या आत आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून आलेले स्वामी विवेकानंद प्रथम शहरातील भाटे या वकिलांच्या घरी उतरले आणि नंतर हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे किल्ल्यात राहिले. ती वास्तू आश्रमाने जपली आहे. शिकागोला जाण्याच्या आधीचे वर्ष ते. एका अनोळखी तरुण संन्याशाला वकिलाने आणि नोकरदाराने घरात घेतले होते. बेळगावहून स्वामीजी मडगावला आले आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी रायतूरच्या सेमिनरीत राहिले. आश्रमात शांतपणे अर्धा तास बसता येते.

आणि डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीच्या कारवाईसाठी मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या नेतृत्वाखालील सतरावी डिव्हिजन जमली ती बेळगावात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही याच शहरात असल्याने लष्कराचा वावर आजही सर्वत्र जाणवतो. कॅम्पातील १८६९ चे सेंट मेरीज चर्च आणि त्याच भागातील मिलिटरी महादेवाचे मंदिर त्या निमित्ताने पाहून घ्यावे.

टिळकवाडी आणि पेठ

दुपारनंतर टिळकवाडीकडे वळावे. लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच केली. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी उभारणी केली. अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली ‘काँग्रेस विहीर’ अजून आहे, रस्त्याचे नावही काँग्रेस रोडच आहे, आणि जवळच वीरसौध हे स्मारक आहे.

त्याच दिवसांत इथे कर्नाटक एकीकरण परिषदही झाली आणि हुईलगोळ नारायणराव यांनी रचलेले एकीकरणाचे गीत गायले गेले. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले आणि तिथून संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही राज्यांच्या एकीकरणाच्या मागण्यांना एकाच गावाने आवाज दिला, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर त्याच गावावरून दोघांत तंटा लागला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९२९ मध्ये आणि पुढे २००० मध्येही भरले; २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन झाले. पाहुण्याने या वादात मत द्यावे अशी कोणाची अपेक्षा नसते; मराठीत बोलल्यास मराठीत उत्तर मिळते, कन्नडमधला एखादा शब्द उच्चारल्यास समोरचा चेहरा उजळतो.

गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. वाचनाची आवड असणाऱ्याने तिथे डोकावल्याशिवाय परतू नये. कपिलेश्वराचे मंदिर रेल्वे उड्डाणपुलाजवळ आहे. शहापूर हा शहराचा भाग पूर्वी सांगली संस्थानात होता. तिथल्या मागावरच्या शहापुरी साड्या एके काळी गोव्यातही हौसेने नेसल्या जात. कुंदा कुठेही मिळतो. मांडे मात्र ताजेच घ्यावेत आणि जपून न्यावेत. घाटातील वळणांत त्यांचा चुरा होतो.

शहराबाहेर

पुणे-बेंगळुरू महामार्गावर हलगा येथे सुवर्ण विधानसौध आहे. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. रट्टांनंतर बेळगावला राजधानीपण मिळाले ते या इमारतीने, परंतु ते हिवाळी अधिवेशनापुरते. एरवी विस्तीर्ण आवारात शुकशुकाट असतो. रस्त्यावरून पाहून पुढे गेले तरी चालते. येळ्ळूरचा राजहंसगड शहरापासून जवळ असून वरून सारा परिसर दिसतो. तिथल्या शिवपुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये दोन पक्षांनी तीन दिवसांच्या अंतराने दोनदा अनावरण केले, यावरून या भागातील राजकारणाची कल्पना यावी.

उत्तरेस महामार्गाने निपाणीला जाता येते. तंबाखूच्या व्यापाराचे हे गाव. निपाणकर देसायांचा वाडा, अलीकडे तवंदी घाटातील स्तवनिधी हे जैन क्षेत्र. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद निपाणीतच झाली होती. कोल्हापूरला जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करावी. केवळ निपाणीसाठी गोव्याहून दिवस काढण्याचे कारण नाही. दक्षिणेस कित्तूर, राणी चन्नम्माचे. १८२४ मध्ये इंग्रजांशी तिथे झालेल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. पडक्या वाड्यासोबत तिथे संग्रहालय आहे. कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर गोव्याचा कदंब राजा शिवचित्त परमाडी याची राणी कमलादेवी हिने बांधवले. तांबडी सुर्ला पाहिलेल्या गोमंतकीयाने ते अवश्य पाहावे.

स्वतःचे वाहन असेल तर परतीची वाट हलशीवरून धरावी. बेळगावहून खानापूर, तिथून नंदगड. राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. त्याची समाधी तिथे आहे. नंदगडच्या पुढे हलशी. गावात भूवराह नरसिंहाचे मंदिर आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की समोरासमोर दोन गाभारे आहेत, एकात नरसिंह आणि दुसऱ्यात भूवराह, आणि मध्ये उभे राहिलेल्या माणसाला मान वळवून दोघांचे दर्शन घ्यावे लागते. मंदिरात गोव्याच्या कदंबांचा बाराव्या शतकातील शिलालेख आहे. आसपास जुन्या जैन बस्तीचे अवशेषही आढळतात. गर्दी नाही, तिकीट नाही, माहिती सांगणाराही सहसा नाही. पुजारी भेटले तर किल्ली त्यांच्याकडे मिळते. हलशीत उपाहारगृहाची आशा धरू नये. खानापुरात जेवून घ्यावे. तिथून लोंढा आणि अनमोडमार्गे खाली उतरताना घाटात दिवसाउजेडी पोहोचायचे असेल तर हलशी दुपारी चारच्या आत सोडावी.